दाखल्यासाठी मूल थांबवू नका (उत्तर लांबलंय, वेळ काढून वाचा)

ताई, पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. अडीच वर्षांचा मुलगा, बोलत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, आई कडेवर घेऊन तुमच्या विशेष शिक्षणाच्या केंद्रात येते, आणि ऑफिस म्हणतंय आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा मगच रजिस्टरला नाव चढवू. आणि प्रमाणपत्राला गेलं की सांगतात पाच वर्षांचा झाला की आणा. हे डिट्टो माझ्याकडच्या एका मुलीच्या बाबतीत झालंय, म्हणून लिहितेय.

आयईपी (एकेका मुलासाठीचा वेगळा शिक्षण आराखडा) कसा लिहायचा, कुठली चेकलिस्ट वापरायची यात जात नाही, ते तुम्ही कोर्सला केलंच असेल. फक्त एक, कानाची तपासणी झालीय का ते सगळ्यात आधी बघा. आधी ओएई ही कानाची साधी चाचणी, गरज पडली तर बेरा, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी. "हाक मारली तर बघत नाही" या एका वाक्यावर लोक ऑटिझमचा शिक्का मारून मोकळे होतात आणि मूल ऐकूच येत नसलेलं निघतं. दाराच्या कडीच्या आवाजाला वळतो म्हणजे ऐकू येतं, असं घरचे सांगतील, त्यावर जाऊ नका.

आता त्या मुलीचं. दोन वर्षांची होती तेव्हा अंगणवाडी ताईंनी पाठवली. आजीचं म्हणणं, हिचा बाप पण उशिराच बोलायला लागला होता. तरी आई आली, एसटीने, दर आठवड्याला. आणि त्या ऑफिसने (नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही) तिला नुसते हेलपाटे मारायला लावले. आज साहेब मीटिंगला, उद्या या, हा फॉर्म जुना आहे, फोटोवर सही नाही, रेशनकार्डावर नाव वेगळं. आणि हे सगळं पुरं केल्यावर शेवटी खिडकीतून सांगितलं की बुद्ध्यांक काढल्याशिवाय प्रमाणपत्र नाही आणि बुद्ध्यांक पाचच्या आत काढत नाही, तेव्हा पाच पूर्ण झाल्यावर या. म्हणजे ज्या वयात मेंदू सगळ्यात भराभर शिकतो ती वर्षं कागदासाठी घालवायची! तिचं नाव रजिस्टरला नाही म्हणून थेरपीला नंबर नाही, प्रवासखर्च नाही, काही नाही. मधे वडिलांचं काम गेलं आणि आईचं येणं बंद झालं. पुढे ती परत आली तेव्हा मुलगी चार ओलांडून गेली होती. मला अजून राग येतो.

बरं, त्या खिडकीतल्या माणसाचं म्हणणं नियमातही बसत नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने अपंगत्व मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं राजपत्रात दिली, त्यात वयाचं एक वर्ष पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना "ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले" (एकूणच वाढ उशिरा होणं) असं निदान लिहून प्रमाणपत्र देता येतं. बौद्धिक अक्षमता हा शब्द पाचच्या पुढे. आणि ते कायमचं नसतं, पाच, दहा आणि अठरा वर्षांना परत तपासून घ्यावं लागतं. २०२४ मध्ये सुधारित तत्त्वं आलीत, जाण्याआधी तीही उघडून बघा. मी डॉक्टर नाही आणि वकील तर नाहीच, पण त्या पानाची प्रिंट हातात असली की खिडकीतला आवाज जरा खाली येतो, हे मी पाहिलंय.

दुसरं, जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, असेल तर तिथे थेट न्या. ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं, २०१३ पासूनचं, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत. उशिरा होणारी वाढ हा तिथला रोजचा विषय, आणि तपासायला प्रमाणपत्र लागायचं कारणच नाही. त्या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा सेविकाताईंना सांगून ठेवा, त्या रेफरल लिहून घेतात. सेविकांशी चांगलं जमवा, गावात कुणाचं मूल घरात कोंडलंय हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

ऑफिसात तोंडी बोलायचं नाही. अर्ज दोन प्रतीत, एकावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यायचा. नाही म्हणत असतील तर "लेखी द्या" म्हणायचं, शांतपणे, आवाज न चढवता. बऱ्याचदा लेखी नकार द्यायची वेळ आली की फाईल हलते. प्रत्येक जिल्ह्यात वेगळा अनुभव असतो हे मान्य, काही ठिकाणी फार चांगली माणसं आहेत.

आणि मुलाचं काम आजच सुरू करा, रजिस्टर गेलं उडत. मी त्या मुलीसोबत काय करायचे ते सांगते. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात राजगिऱ्याचा लाडू. डबा तिच्यासमोर ठेवायचा, गप्प बसायचं. ती ओढणार, आपटणार, रडकुंडीला येणार, आई मधे पडायला बघणार, आईला हाताने थांबवायचं. मग डबा माझ्या मांडीवर ढकलला की लगेच "उघड" म्हणायचं, एकदाच, आणि उघडून चिमूटभर द्यायचं. पूर्ण लाडू दिला तर खेळ संपला. त्यात नजरेला नजर मिळाली तर तो दिवस चांगला. हेच आईला घरी करायला लावा, अंघोळीचा मग, चप्पल, बिस्किटाचा पुडा, काहीही चालतं. तासाभराच्या थेरपीपेक्षा हे दिवसभर होतं म्हणून जास्त लागू पडतं असं माझं ठाम मत आहे. लहानग्याच्या हातात मोबाईल असेल तर तो आधी काढा, यावर मी वाद घालणार नाही.

थोडं मनातलं पण लिहिते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वयाला. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण घालून दिलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, पण तेही पहिलीपासूनच. त्याखालची मुलं कुणाच्याच हिशोबात नीट बसत नाहीत, आणि आपण त्यांच्याच बाई. म्हणून मानधन असं आणि नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांची. वर लोक विचारतात, बालवाडीतच ना, खेळवायचंच ना?

एक राहिलं. तुमचं आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी रिन्यू करावं लागतं आणि त्यासाठी सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना करायच्या प्रशिक्षणांचे, पॉइंट लागतात. शेवटच्या वर्षी धावपळ करू नका, दरवर्षी थोडे जमा करा आणि सर्टिफिकेट स्कॅन करून ठेवा.

कानाचा रिपोर्ट आला की इथेच टाका, मुलाचं नाव खोडून. आणि त्या आईला पुढच्या वेळी कधी यायचं ते वार-वेळ कागदावर लिहून द्या, "या परत कधीतरी" असं नको.