काचेचा तंतू वाकतो, पण तुटत का नाही?

प्रश्न : घरी इंटरनेट जोडायला आलेल्या तंत्रज्ञाने केसासारखा बारीक ऑप्टिकल फायबर बोटाभोवती वळवून दाखवला. काच असूनही तो तुटला कसा नाही?

उत्तर : काच मुळात दुबळी नसते, तिला दुबळे करतात ते तिच्या पृष्ठभागावरचे सूक्ष्म ओरखडे, हे ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी १९२०च्या सुमारास दाखवून दिले. फायबरमधली काच १२५ मायक्रोमीटर जाडीची असते आणि ती तापवून तंतूच्या रूपात ओढली जात असतानाच, कशाचाही स्पर्श होण्याआधी, तिच्यावर प्लॅस्टिकचा लेप चढवतात. म्हणूनच निर्दोष तंतू सुमारे ६ किलो वजन पेलू शकतो. कारखान्यात प्रत्येक तंतू साधारण १ टक्का ताणून पाहतात, म्हणजे मोठा दोष असलेली जागा तिथेच तुटते. खरा शत्रू पाणी आहे. ताणाखालच्या भेगेच्या टोकाशी बाष्पाचे रेणू सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातले बंध तोडतात आणि भेग संथपणे वाढत जाते. त्यामुळे क्षणभराचा वळसा निरुपद्रवी असला (ती गंमत आपण करू नये हे वेगळे), तरी तोच कपाटामागे कायमचा राहिला, तर कोणी हातही न लावता काही वर्षांनी तंतू तुटू शकतो. वळणाची त्रिज्या ६ मिलिमीटर असेल, तर बाहेरच्या बाजूची काच सुमारे १ टक्का ताणली जाते; ३० मिलिमीटर ठेवल्यास हा ताण पाचपटीने घटतो.