माफी मागणारा माणूसच उरला नाही, तेव्हा

*“मी ४४ वर्षांची आहे. लहानपणी वडिलांनी मला खूप मारलं. पट्ट्याने, हाताला येईल त्याने. त्याला कारण लागत नसे. आई दार लावून आत बसायची. आई आता नाही. वडील ७८ वर्षांचे आहेत, दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. भाऊ आणि मी आळीपाळीने त्यांचं करतो. ते आता इतके मवाळ झालेत की माझा हात धरून ‘तू फार चांगली आहेस’ म्हणतात. मध्यंतरी न राहवून विचारलं, ‘तुम्ही मला एवढं का मारायचात?’ ते म्हणाले, ‘मी? छे, मी कशाला कुणाला मारीन?’ आणि हसले. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. भाऊ म्हणतो, त्यांना आठवत नाही, तूही सोडून दे. सगळे म्हणतात, स्वीकार. म्हणजे मी नेमकं काय करायचं? त्यांना आंघोळ घालताना मला किळस येते. मी वाईट मुलगी आहे का?”*

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या बाबतीत जे झालं, ते झालं होतं. सगळ्यात आधी हेच लिहिते, कारण त्या एका हसण्याने त्याच्यावरच बोळा फिरवल्यासारखं तुम्हाला वाटलं असणार. त्या घरात काय चालायचं हे ठाऊक असलेली माणसं किती? आई गेली, वडिलांची आठवण गेली, भावाला विषय नको आहे. साक्षीला एकट्या तुम्ही उरलात. अशा वेळी झोप उडाली नसती तरच नवल.

वडील बहुधा खोटं बोलत नव्हते. डिमेन्शियात आठवणींमध्ये भगदाडं पडतात आणि मेंदू ती जुळेल अशा गोष्टीने बुजवतो. बोलणाऱ्याला ती खरीच वाटते. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात तर अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं बराच काळ टिकतं. म्हणून घरच्यांना प्रश्न पडतो, शाळेतलं सगळं आठवतं, मग हेच कसं नाही? याचं उत्तर तुम्हाला त्यांच्याकडून मिळणार नाही. त्यांना पुन्हा विचारू नका. हे मी त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते आहे. समजा, उद्या त्यांनी रडून माफी मागितली. परवा सकाळी तुमच्या मनात येईल, कशाबद्दल मागितली हे त्यांना कळलं तरी होतं का? आणि मग तुम्ही आज आहात त्याहून एकट्या पडाल.

तुम्ही कुठे तसं लिहिलेलं नाही, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं, तुम्ही इतकी वर्षं याच माफीची वाट पाहत होतात. वडिलांनी मारलं हे तुम्ही कधी नाकारलं नाही. ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तुम्हाला झेपत नाही ते हे, की आता याचा जाब देणारं कुणीच नाही. ज्या माणसाने मारलं तो उत्तर न देता निघून गेला. आणि हात धरून ‘चांगली आहेस’ म्हणणारा बाप, जो तुम्हाला आठव्या वर्षी हवा होता, तो आज आला. त्याच्यावर चिडताही येत नाही आणि त्याला जवळही घेता येत नाही.

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासक १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम करत होत्या. माणूस गेला की आहे, हेच नक्की नसेल तर घरच्यांचं दुःख थिजून राहतं, हे त्यांनी मांडलं. पुढे डिमेन्शिया झालेल्यांच्या घरातही त्यांना हेच दिसलं: समोर बसलेलं माणूस आतून नाहीसं झालेलं. तुमच्या बाबतीत ही गुंतागुंत दुप्पट आहे. वडील जिवंत असताना तुम्ही त्यांचा शोक केलात, तर त्यात पाप नाही. न मिळालेल्या माफीसाठी रडा. बहुतेक ते रडणं अजून झालेलंच नाही.

तुम्ही विचारलंत, नेमकं काय करायचं. माझं उत्तर एवढंच: वाट पाहणं थांबवायचं. क्षमा करायची की नाही, वडिलांवर माया करायची की नाही, ‘तेव्हा सगळेच बाप मारायचे’ हे मान्य करायचं की नाही (मी कधीच करणार नाही), हे सगळे वेगळे निर्णय आहेत. ते उद्या घ्या, दहा वर्षांनी घ्या, नाहीतर घेऊच नका.

‘सोडून दे’ या सल्ल्याचा उपयोग होत नाही, यात तुमचा दोष नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना सांगितलं, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. तो येतच राहिला. नंतर त्याचा विचार करायची मुभा दिल्यावर, आधी विचार दाबणाऱ्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. साध्या अस्वलाची ही गत, तर पट्ट्याची काय असेल!

म्हणून दाबू नका, लिहा. वडिलांना उद्देशून, न पाठवायचं पत्र. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या अभ्यासात लोकांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत क्लेशाच्या अनुभवाबद्दल लिहिलं. लिहून उठल्यावर त्यांना आधी वाईटच वाटलं, हे लक्षात ठेवा. पुढच्या महिन्यांत मात्र, घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिताना श्वास कोंडायला लागला तर तिथेच थांबा. आईबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलं आहे, त्या लावलेल्या दाराचं. पत्रात ती आली तर येऊ द्या. गेलेल्या माणसावर रागावायचं नाही असं मनाला बजावून तुम्ही तो राग वडिलांच्या खात्यावर टाकत असाल, असं मला राहून राहून वाटतं.

मारहाण आत्ताच चालू आहे असं वाटत असेल, आवाजाने दचकायला होत असेल किंवा आणखी काही आठवडे झोप आलीच नाही, तर बालपणीच्या अत्याचारावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. यावर नीट उपचार आहेत, आणि एवढी वर्षं लोटली म्हणून उशीर झालेला नसतो.

आता किळसेबद्दल. ज्या शरीराची भीती बाळगत तुम्ही वाढलात, त्याला हात लावताना तुमचं शरीर मागे सरतं. तुम्ही वाईट मुलगी नाही. तुम्हाला ते काम जमत नाही, एवढंच, आणि ते तुम्हीच केलं पाहिजे असंही नाही. औषधं, डॉक्टरांच्या वेळा, पैशांचे व्यवहार, कागदपत्रं हीसुद्धा सेवाच आहे. ती तुम्ही घ्या. आंघोळ भावाने घालावी किंवा त्यासाठी मदतनीस ठेवावा. भावाशी भांडण उकरू नका, त्याच्याकडून दुजोराही मागू नका. तो कदाचित त्याच्या भीतीपायी गप्प असेल. फक्त सांगा, “मला लहानपणी त्यांनी मारलंय, म्हणून मला त्यांना आंघोळ घालणं जमत नाही. बाकीचं मी बघते.” तो म्हणेल, अगं, आता कशाला ते. तेव्हा हेच वाक्य पुन्हा म्हणा, आणि पुढच्या पाळीच्या आत हे बोलून टाका.