लहानपणीचे नातेवाईक आठवले की सगळ्यांत आधी कोण डोळ्यांसमोर येतं?

निपाणीची आत्या. विचारसुद्धा करावा लागला नाही.

तुम्ही विचारलंय की काका-मामा-आत्या-भावंडांत कधीच विसरता न येणारी वल्ली कोण. आमच्याकडं अशा वल्ल्या बऱ्याच होत्या, पण सगळ्या एका छपराखाली मी एकदाच बघितल्या, आमच्या गावच्या लक्ष्मी यात्रेत. गाव बेळगाव-खानापूर वाटेवरचं. आमच्या भागात लक्ष्मीची यात्रा दरवर्षी नसते. एखाद्या गावात पाच वर्षांनी, एखाद्यात बारा, कुठं त्याहूनही उशिरा. म्हणून यात्रा ठरली की घरं रंगवतात, वार पाळतात, त्या वारी रानातलं काम बंद. लेकीबाळी, पै-पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे, सगळ्यांना सांगावा जातो. देवीचं लग्न लागतं, भंडारा उधळत नाचतात त्याला होन्नाट म्हणतात, ते खेळतात, मग रथ निघतो आणि देवी गदगेवर, म्हणजे यात्रेपुरत्या मांडलेल्या तिच्या जागेवर, बसते. मी सांगतोय ती यात्रा 1983 ची. मी चौथीत होतो.

आत्या पंधरा दिवस आधीच आली. ती उंबऱ्यात यायच्या आत तंबाखूचा वास यायचा. लुगड्याला, केसांना, पिशवीतल्या खाऊलासुद्धा. आम्ही पोरं नाक दाबायचो तर म्हणायची, "दाबा की. ह्या वासावर तुमची दोन भावंडं शाळंत जायला लागल्यात."

ती बिड्या वळायची. पान भिजवायचं, फर्मा ठेवून कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार. मांडीवर सूप घेऊन पहाटेपासून बसलं तरच होतात. तिचं सगळं मोजणं कट्ट्यात असायचं, एक कट्टा म्हणजे पंचवीस. यात्रेला जेवायला किती पानं उठली विचारलं तर सांगायची, "चौदा कट्टे झाले, अजून मागची पंगत बसायची आहे." तव्यावरची वाकडी भाकरी बाजूला सारत म्हणायची, "ही छाट." छाट म्हणजे काय ते मला खूप उशिरा कळलं. वळून नेलेला माल तपासणारा खराब म्हणून ज्या बिड्या बाजूला टाकतो ती छाट. तिचे पैसे मिळायचे नाहीत आणि त्या बिड्याही परत मिळायच्या नाहीत. तो शब्द भाकरीला लावून ती हसायची, आम्हीही हसायचो. आज तो प्रसंग आठवला की पोटात तुटतं.

तिचे यजमान, त्यांना आम्ही मामाच म्हणायचो, खंडानं रान घेऊन तंबाखू करायचे. 1981 ला शेतकरी नेते शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात ते पुणे-बेंगळूर रस्त्यावर बसले होते. 6 एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. मामा त्याविषयी एक अक्षर बोलायचे नाहीत. आत्या एवढंच सांगायची, "त्या दिवशीची भाकरी फडक्यात बांधलेली तशीच परत आली."

दुसरी वल्ली म्हणजे गोकाकची काकू. ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. आल्यागेल्याला तिचा एकच प्रश्न, "ऊटा आतेन?" म्हणजे जेवण झालं काय. तिला मराठी शिकवली आत्यानं, माहेरपणाला येईल तेव्हा, चुलीपुढं बसून. आता आमच्या भागातल्या बायका "मी येतो", "मी जेवलो" असंच बोलतात हे तुम्हाला ठाऊक असेल. काकूला तेच सोपं गेलं, कारण कन्नडात "मी" म्हणणारी बाई असो की बुवा, क्रियापद एकच असतं. आमच्या बायकांच्या बोलण्यात हे कन्नडातूनच आलं असावं असं मला वाटतं.

यात्रेला मुंबईहून काका आले, त्यांची मुलगी माझ्याच वयाची. तिनं आत्याला विचारलं, "तू बाई असून येतो का म्हणतेस?" आत्यानं सूप खाली ठेवलं. "गड्यागत राबतो न्हवं? मग बोलताना तेवढं कशाला बाई व्हायचं?" ओसरीवरच्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या, मग आजी खदखदून हसली.

मुंबईचे काका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि यात्रेपर्यंत वर्ष उलटून गेलं होतं. यात्रेला म्हणून आले ते पत्र्याची ट्रंक घेऊन. ती ट्रंक बघून आईला कळलं, ते परत जाणार नाहीत. आम्हाला एवढंच दिसलं की पतंगाचा तुटलेला दोरा काका अशा गाठीनं जोडून देतात की बोटाला गाठ लागतच नाही. लोंढ्याचे मामा रेल्वेत होते. गोव्याकडून येणाऱ्या गाडीतून बांगडे घेऊन यायचे, आणि ते घरात शिरले की आत्याच्या तंबाखूचा वास हरायचा.

काकूविषयी एक राहिलं. 1956 ला आमचा भाग महाराष्ट्राच्या बाजूला न येता कर्नाटकात गेला, म्हणून तेव्हापासून 1 नोव्हेंबरला आमच्याकडं काळा दिन पाळतात. काकूचे यजमान, आमचे गावातले काका, दंडाला काळी फीत बांधून सायकलनं बेळगावच्या फेरीला जायचे. काकूच्या माहेरी त्याच दिवशी राज्योत्सव, कर्नाटक राज्य झाल्याचा सण. ती पहाटे उठून काकांची भाकरी बांधायची आणि दिवसभर कुणाशी बोलायची नाही. एका वर्षी तिचा भाऊ काही कामानं बेळगावात आला होता, तो नेमका त्या संध्याकाळी घरी आला. काकांच्या दंडावर फीत तशीच होती. काकूनं दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली. "ऊटा आतेन?" तिनं दोघांनाही विचारलं नाही, सरळ वाढलं. शेंगाहोळगी होती, शेंगदाण्याची पोळी. भाऊ म्हणाला, अक्काच्या हाताला आईची चव आहे. काका म्हणाले, अजून एक घ्या. दुसरं काही बोलणं झालं नाही. मी समोर बसून जेवत होतो. सीमाभाग म्हटलं की मला नकाशा आठवत नाही, ती दोन ताटं आठवतात.

पण प्रश्न आत्याचा होता. तिची बोटं कधी थांबायची नाहीत. यात्रेच्या रात्री आम्ही सगळी भावंडं ओसरीवर ओळीनं झोपलो होतो, मी तिच्या कुशीत. तिला झोप लागली तरी तिचा अंगठा आणि तर्जनी माझ्या सदऱ्याचं टोक धरून वळत होती. वळायचं, मुडपायचं, परत वळायचं. सकाळी टोकाला चुण्या पडलेल्या. गदगेवर देवीला बघायला मी तोच सदरा घालून गेलो, आईला इस्त्री करू दिली नाही.

आत्या गेली त्याला नऊ वर्षं झाली. शेवटचे दिवस बेळगावात दवाखान्यात होती. काकू तिच्या उशाशी दोन रात्री बसून. आत्या कुणाला ओळखत नव्हती, पण पांघरुणाची कड बोटांत धरून वळणं चालू होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेलो तेव्हा काकू तिच्या कानाशी वाकून विचारत होती, "वन्सं, ऊटा आतेन?"

बोटं थांबली. आत्यानं डोळे न उघडता सांगितलं, "जेवलो."