'घोळणा फुटणे' आणि 'नासारक्तस्राव'

विचारणा अशी: जबड्याच्या ऑपरेशनआधी सहीला दिलेल्या संमतिपत्रात 'नासिकामार्गे श्वासनलिकेत नळी घालताना नासारक्तस्राव संभवतो' असं वाक्य आहे. हा नासारक्तस्राव म्हणजे आपला घोळणा फुटणंच ना? मग तसंच का लिहीत नाहीत?

रक्त येतं ते बहुतेकदा त्याच जागेवरून. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. उन्हाळ्यात घोळणा फुटतो तोही सहसा तिथेच. (कुठे घुळणा, कुठे घोणा. संस्कृतात घोणा म्हणजे नाकच.) पण 'फुटणे'मध्ये आपोआप होण्याचा अर्थ आहे. पोरगं उन्हातून खेळून येतं, सदऱ्यावर लाल ठिपके दिसतात, मग आई डोक्यावर पाणी थापते आणि कांदा हुंगायला देते. तो घोळणा फुटला. ऑपरेशनच्या वेळी तोंड सर्जनला मोकळं हवं म्हणून नळी नाकातून सरकवतात. ती आतल्या अस्तराला घासते, कधी खरवडते, आणि माणूस उताणा असल्यामुळे रक्त बाहेर न येता घशात उतरू शकतं. म्हणून आधी रक्तवाहिन्या आकसणारे थेंब टाकतात, नळी कोमट पाण्यात मऊ करतात, जेली लावतात. याला मी तरी 'घोळणा फुटला' म्हणणार नाही. मात्र 'नासारक्तस्राव'ही नको. 'नळी घासून नाकातून रक्त येऊ शकतं' एवढं पुरे की!

'घोळणा' हवा तो दुसऱ्याच कागदावर. आमच्या आत्याच्या जबड्याच्या ऑपरेशनआधी फॉर्ममध्ये रकाना होता, 'नासारक्तस्रावाचा पूर्वेतिहास'. आत्यानं बेधडक 'नाही' सांगितलं, मीही तसंच भरलं. संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. फॉर्म चाळला आणि सहज विचारलं, "आजी, घोळणा फुटतो का हो कधी?"

"अगं, दर वैशाखात! दोनदा-तीनदा तरी."

बाईंनी 'नाही'वर काट मारली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे पुन्हा खोदून विचारलं. मग टॉर्च काढून दोन्ही नाकपुड्यांत पाहिलं.

"कुठल्या बाजूचा फुटतो?"

"डावीकडचा."

"मग उद्या उजवीकडून घालू."