पहिलीत घालू, की घरीच ठेवू?

प्रश्न : माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. लहानपणापासून सारखा कान वाहायचा, दोनदा न्यूमोनियाने दवाखान्यात ठेवावं लागलं. गेल्या वर्षी पुण्यात तपासण्या झाल्या आणि ‘एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया’ असं निदान झालं. आता दर चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात. तेव्हापासून मोठं दुखणं नाही. जूनमध्ये पहिलीत घालायचंय, पण सासूबाई म्हणतात घरीच शिकव. हा आजार आईकडून येतो हे कळल्यापासून ‘तुझ्या माहेरचं’ हे रोज ऐकते. माझा भाऊ दीड वर्षाचा असताना न्यूमोनियाने गेला होता. धाकटी बहीण आता पाच महिन्यांची गरोदर आहे. तिला सांगू की नको? धाकटी लेक तीन वर्षांची आहे.
— एक आई, कराड

उत्तर : ताई, त्याला पहिलीत घालाच. तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारा, पण उपचार नीट लागू पडलेल्या अशा मुलाला घरात कोंडावं असं मला मुळीच वाटत नाही.

त्याच्या शरीरात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, तयार करणाऱ्या बी पेशी जवळजवळ नाहीत. रोगाशी लढणारी बाकीची फळी, विशेषतः टी पेशी, शाबूत आहे. जन्मतः दोन्ही फळ्या कोलमडलेल्या मुलांचे किंवा केमोथेरपी चालू असलेल्या मुलांचे कडक नियम तुम्ही कुठेतरी वाचले असतील, तर ते त्याला जसेच्या तसे लावू नका. त्याला जे कमी आहे तेच इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटलीतून मिळतं. हजारो लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून ती प्रतिपिंडं वेगळी काढलेली असतात. १९५२ साली अमेरिकेतल्या डॉ. ब्रुटन यांनी हा आजार पहिल्यांदा नोंदवला, तो आठ वर्षांच्या मुलात. त्यालाही हेच औषध इंजेक्शनने दिलं होतं.

ही प्रतिपिंडं साधारण तीन आठवड्यांत निम्म्यावर येतात. म्हणून लग्नकार्य असो, परीक्षा असो, इन्फ्युजनची, म्हणजे शिरेतून औषध देण्याची, तारीख पुढे ढकलू नका. डोस वजनावर ठरतो, तेव्हा दर वेळी वजन करून घ्या. बाटलीवरचं नाव आणि बॅच नंबर वहीत लिहून ठेवा. आदल्या दिवशी त्याला भरपूर पाणी पाजा, नंतरची डोकेदुखी त्याने कमी होते. काढे, चूर्णं, ‘इम्युनिटी’ची पावडर यांनी बी पेशी तयार होत नाहीत. तो पैसा पुण्याच्या खेपांसाठी ठेवा.

शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकांना भेटा आणि एका कागदावर लिहून द्या : ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर लगेच फोन, वर्गात गोवर किंवा कांजिण्या निघाल्या तर त्याच दिवशी फोन. तापाचं औषध देऊन संध्याकाळपर्यंत वाट पाहू नये, हेही लिहा. पाण्याची बाटली घरून, उकळलेल्या पाण्याची. या मुलांना जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीचे जुलाब चिवटपणे होतात, म्हणून जुलाब लांबले तर शौचाची तपासणी करा. एवढं झालं की त्याला मैदानात मातीत खेळू द्या, बाकांवर चढू द्या. डबा मात्र ज्याचा त्याने खावा.

आता धाकट्या लेकीबद्दल, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. तोंडावाटे द्यायच्या पोलिओच्या थेंबांत जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो. ते घेतलेल्या मुलाच्या शौचातून तो बाहेर पडतो. तुमच्या लेकाच्या आतड्यात असा विषाणू दीर्घकाळ टिकू शकतो आणि क्वचित लकवाही होऊ शकतो. म्हणून त्याला हे थेंब द्यायचे नाहीत, आणि त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या बहिणीलाही नाहीत. तिला पोलिओची इंजेक्शनची लस द्या. पल्स पोलिओच्या रविवारी आशाताई दारात येतील तेव्हा घरात नेमके आजी-आजोबा असतात. डॉक्टरांची चिठ्ठी दाराजवळच ठेवा.

‘तुझ्या माहेरचं’ याचं उत्तर तुम्ही देऊ नका, नवऱ्याने द्यावं. बीटीके नावाच्या जनुकातला हा बदल एक्स गुणसूत्रावर असतो. बाईला दुसरं एक्स असतं, त्यामुळे ती वाहक असूनही ठणठणीत राहते आणि तिला पत्ताही नसतो. यात कुणाचं वागणं नाही, पथ्य नाही, पाप नाही. ज्या बाईने आपला भाऊ असा गमावला, तिला हे रोज ऐकवणं क्रूर आहे, आणि हे मी सासूबाईंना उद्देशूनच लिहिते आहे. पण त्यांची भीती नातवावरच्या मायेतून आलेली आहे. पुढच्या इन्फ्युजनला त्यांना सोबत न्या, सलाइन चढत असताना डॉक्टरांना त्यांचे प्रश्न विचारू द्या. घरी तापाची वही त्यांच्याकडे सोपवा.

बहिणीला आजच सांगा. तुमचा भाऊ याच आजाराने गेला असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल, तर तुमची आई वाहक ठरते आणि बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. ती वाहक असेल, तर तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार असण्याची शक्यता पुन्हा निम्मी. तुमच्या मुलाचा जनुकीय अहवाल घेऊन तिला जनुकतज्ज्ञांकडे पाठवा. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजीत या आजारांवर काम चालतं. आणि तिच्या बाळंतपणाच्या कागदांवर ठळक लिहून घ्या : मुलगा झाला तर बी पेशींची रक्ततपासणी होईपर्यंत पोलिओचे थेंब आणि बीसीजी (क्षयाची लस) देऊ नये.