समुद्र मागे हटेपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : त्सुनामीआधी समुद्र मागे हटतो, असं शाळेत शिकलो होतो. मग पाणी मागे गेलं नाही, तर धोका नाही असं समजायचं का? आणि पहिली लाट ओसरल्यावर किनाऱ्यावर परतायला हरकत नाही ना?

उत्तर : दोन्ही समज चुकीचे आहेत. समुद्रविज्ञान शिकवताना मी ते दरवर्षी खोडून काढत असे, कारण ते जिवावर बेततात.

२६ डिसेंबर २००४ला सुमात्राजवळ समुद्रतळाखालचा भूभाग सुमारे १,३०० किलोमीटर लांबीपर्यंत सरकला. पश्चिमेकडे तळ उचलला गेला, पूर्वेकडे खचला आणि त्यावरचं सगळं पाणी हललं. पूर्वेला थायलंडकडे लाटेचा खोलगट भाग आधी पोहोचला, म्हणून तिथे समुद्र मागे हटला. श्रीलंका आणि भारताच्या दिशेने मात्र फुगवटा आधी निघाला होता. तिथे पाणी सुरुवातीलाच चढत आलं. मागे हटण्याची वाट पाहणाऱ्याला तिथे इशारा मिळालाच नसता.

दुसरा प्रश्न मला जास्त काळजीचा वाटतो. आपण रोज पाहतो ती लाट काही सेकंदांत फुटते. त्सुनामीच्या दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभराचं अंतर असू शकतं. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावते, पण जहाजावरच्यांना जाणवतही नाही; २००४मध्ये उपग्रहाने भर समुद्रात मोजलेली तिची उंची जेमतेम ६० सेंटिमीटर होती. उथळ पाण्यात पुढचा भाग मंदावतो, मागचं पाणी येतच राहतं आणि उंची वाढते. मग ते कित्येक मिनिटं आत घुसत राहतं. गुडघाभर पाणीसुद्धा माणसाला पाडून ओढून नेतं.

१९६०मध्ये चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या लाटा सुमारे पंधरा तासांनी हवाईतल्या हिलो शहरात पोहोचल्या. भोंगे कितीतरी आधी वाजले होते. पहिल्या लाटा लहान आल्या, तरी अनेकजण किनाऱ्याजवळच राहिले. तिसरी लाट भिंतीसारखी आली आणि ६१ माणसं गेली. इशारा मिळूनही गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

किनाऱ्यावर असताना जमीन बराच वेळ हलत राहिली, तर लगेच उंचावर जा. धक्का सौम्य वाटला तरीही. १८९६मध्ये जपानच्या सानरिकू किनाऱ्यावर लोकांना हादरा हलकाच जाणवला होता. त्सुनामीने सुमारे २२ हजार बळी घेतले. कधी भूकंप जाणवतही नाही : २०१८मध्ये अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीची कड समुद्रात ढासळली आणि लाट उठली. म्हणून समुद्राची अनोळखी गर्जना ऐकू आली किंवा पाणी एकाएकी चढू-उतरू लागलं, तरीही पळा. वर गेल्यावर प्रशासन धोका टळल्याचं जाहीर करेपर्यंत खाली उतरू नका, मग त्यात कित्येक तास गेले तरी चालेल.