काचेकडे नॉब फिरवला की एसी आपोआप सुरू होतो. वायर तोडू का?

वाचकांचे प्रश्न, गॅरेजातून उत्तरं

प्रश्न : माझी २०१३ सालची छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. कामानिमित्त विट्याहून चिपळूणला सारखं जावं लागतं. पावसाळ्यात काचेवरची वाफ घालवायला नॉब पुढच्या काचेच्या खुणेवर नेला, की एसीचं बटण बंद असूनही कॉम्प्रेसर सुरू होतो. बटणातला दिवा लागत नाही, पण इंजिनाचा आवाज बदलतो आणि गाडी जड होते. परत येताना कुंभार्ली घाट चढायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्ये रडत रडत. आई बरोबर असली तर तिला तो गार वारा सोसत नाही, गुडघे धरतात. इथला वायरमन म्हणतो, कॉम्प्रेसरची वायर तोडून डॅशबोर्डवर स्विच देतो, तीनशे रुपये. बसवून घेऊ का?
— एक वाचक, विटा

उत्तर : स्विच बसवता येतो. पण तुमचा वायरमन सांगतोय तिथे नको, आणि निम्मं दुखणं तर स्विच न बसवताच जाण्यासारखं आहे.

गाडीत बिघाड काही नाही. गाडीचं नाव तुम्ही कळवलंय, ते मुद्दाम छापलं नाही, कारण कितीतरी कंपन्यांनी ही व्यवस्था अशीच ठेवली आहे. वाऱ्याची दिशा बदलणाऱ्या नॉबच्या मागे एक नखाएवढा मायक्रोस्विच असतो. नॉब काचेच्या खुणेवर आला की तो दाबला जातो आणि एसीच्या बटणाचंच काम परस्पर करून टाकतो. दिवा मात्र बटणाच्या वायरिंगवर असल्याने लागत नाही. त्यामुळे मालकाला वाटतं, एसी चोरून चालतोय.

आता ही भानगड केली कशाला, ते बघा. डावीकडे बसणाऱ्याच्या पायांसमोर, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एक मोठा प्लास्टिकचा डबा आहे. ब्लोअरने ढकललेली हवा त्यात आधी एसीच्या कूलिंग कॉईलमधून जाते आणि मग हीटर कोरमधून, म्हणजे इंजिनाच्या गरम कूलंटवर चालणाऱ्या छोट्या जाळीतून. हा क्रम लक्षात ठेवा. पावसातली २५ अंशांची हवा घनमीटरमागे २३ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून असते. कॉईलवर ती ५ अंशांपर्यंत उतरली, तर तिला ७ ग्रॅमसुद्धा धरता येत नाहीत. बाकीचं पाणी कॉईलवर जमतं आणि नळीतून गाडीखाली टपकतं. म्हणजे काचेच्या खुणेवर एसी लागतो तो हवा वाळवण्यासाठी. गार करायची की नाही, ते पुढे तुमच्या हातात आहे.

तेव्हा आईंचा प्रश्न असा सोडवा. नॉब काचेवर ठेवा, एसी चालू राहू द्या आणि टेंपरेचरचा नॉब निळ्यावरून मधोमध, गरज पडली तर लाल पट्ट्यात न्या. कॉईलवर वाळलेली हवा पुढे हीटरवर कोमट होते आणि कोमटच काचेवर येते. लोक एसी आणि हीटर एकदम लावायला बिचकतात. 'एक गार करणार, एक गरम करणार, पेट्रोल वाया,' हे मी रोज ऐकतो. हीटरची उष्णता इंजिनाच्या कूलंटमधली असते, एरवी ती रेडिएटरमधून वाऱ्यावरच जायची. पेट्रोलच्या गाडीत त्याचा वेगळा खर्च नाही. शिवाय थंडगार काचेवर बाहेरच्या बाजूने दव धरतं आणि वायपर मारत बसावं लागतं, तेही थांबतं.

राहिला घाट. एसीने पिकअप कमी होतो ही तुमची तक्रार खरी आहे. छोट्या इंजिनाला कॉम्प्रेसर ओढणं जाणवतंच. बऱ्याच गाड्यांत ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, कॉम्प्रेसर थोडा वेळ सोडून देतो. पण घाटाच्या पायथ्याचं पोफळी सोडल्यावरचा चढ काही पाच-दहा सेकंदांचा नाही, आणि अर्ध्या ऍक्सिलरेटरवर ती सवलत मिळतही नाही. म्हणून तुमच्यासारख्या माणसाने स्विच मागितला तर मी हसणार नाही.

फक्त एक धोका आधी ऐका. एसी बराच वेळ चालला की कॉईल ओलीचिंब असते. अशात कॉम्प्रेसर बंद केला आणि ब्लोअर काचेवरच चालू राहिला, तर कॉईलवरचं सगळं पाणी पुन्हा हवेत मिसळून थेट काचेवर येतं. मिनिटभरात समोर पांढरा पडदा. घाटातल्या वळणावर, समोरून ट्रक उतरत असताना हे नको. बंद करायचा असेल तर चढ लागण्याच्या बराच आधी, सरळ रस्त्यावर करा. तेव्हा वारा पायांकडे वळवा, दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर खाली घ्या आणि कॉईल वाळू द्या. पाऊस धो-धो असेल तर स्विचला हात लावू नका, गाडी रडू दे.

आता स्विच कुठे. वायरमन तोडायचं म्हणतोय ती रिलेकडून (इशाऱ्यावर चालणाऱ्या विजेच्या स्विचकडून) कॉम्प्रेसरच्या मॅग्नेट क्लचकडे जाणारी वायर. हा क्लच कॉम्प्रेसरला इंजिनाच्या बेल्टशी जोडतो आणि सोडतो. क्लचच्या कॉईलचा रेझिस्टन्स तीन-चार ओहम, म्हणजे त्या वायरीतून तीन-चार अँपिअर जातात. तेवढा करंट इंजिनाकडून आत डॅशबोर्डपर्यंत आणायचा आणि परत न्यायचा, तोही बाजारातल्या दहा रुपयांच्या स्विचमधून. स्विच बंद करताना क्लचची कॉईल उलटा झटका मारते, ठिणगी पडते, पॉइंट काळे पडतात. त्याहून वाईट म्हणजे ईसीयूला यातलं काहीच कळत नाही. त्याच्या हिशोबी एसी चालूच आहे. तो आयडलिंगचा आरपीएम वाढवून ठेवतो, रेडिएटरचा पंखा फिरवत ठेवतो. कॉम्प्रेसर बंद आणि पेट्रोल चालू, असा व्यवहार.

योग्य जागा म्हणजे नॉबच्या मागच्या त्या मायक्रोस्विचची वायर. तिच्यातून फक्त इशारा जातो, करंट नावालाच. तिथे छोटा स्विच घातला की तुमचं एसीचं बटण पहिल्यासारखं चालतं. तुटते फक्त काचेच्या खुणेवरची आपोआप चालू होण्याची जोडणी, आणि ईसीयूलाही खरं ते कळतं.

काम करून घेताना समोर उभे राहा. बॅटरीची निगेटिव्ह काढून पॅनल बाहेर घ्यायचं. मायक्रोस्विचच्या दोन वायरी वेगळ्या दिसल्या तर सोपं आहे. त्या कुठल्या, हे मल्टिमीटरनेच बघायचं. आमच्या धंद्यात हातात बल्बचा टेस्ट लॅम्प घेऊन कुठेही टोचायची खोड आहे. त्या बल्बचा करंट ईसीयूच्या इशाऱ्याच्या वायरीतून गेला तर ईसीयूच जायचा, आणि त्याची किंमत तीनशे रुपये नसते. काही गाड्यांत हा इशारा अर्थिंग (निगेटिव्ह) देऊन जातो, काहींत बारा व्होल्ट देऊन. अंदाजाने जोडू नये. वायर कपलरच्या (वायरींच्या प्लगच्या) अगदी तोंडाशी कापू द्यायची नाही. चार बोटं अलीकडे कापायची, म्हणजे उद्या पूर्ववत करताना दोन टोकं हाताला लागतात. पिळून टेप गुंडाळली की घरी पाठवा त्याला. थिंबल (जोडाची धातूची टोपी) दाबून, वर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी हवी.

मायक्रोस्विच पॅनलच्या सर्किट बोर्डवरच बसलेला असेल, वेगळी वायरच नसेल, तर नाद सोडा. बोर्डची रेघ खरवडून देणारे भेटतील. मी करत नाही.

आणि एवढं करण्याआधी फुकटचा प्रयोग करून बघा. बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये एसीचा रिले असतो, झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. कोरडे दिवस बघून तो उपटून ठेवा आणि आठवडाभर गाडी चालवा. घाट चढताना फरक पडला नाही, तर दुखणं एसीचं नाही; एअर फिल्टर, प्लग, क्लच प्लेट बघा. इंजिनाचा दिवा लागला तर रिले परत लावा.

वाफ फारच धरत असेल तर काचेची आतली बाजूही बघून घ्या. धूळ-तेलाचा थर असला की वाफ चिकटून बसते. रिसर्क्युलेशन चालू राहिलं असेल तर माणसांच्या श्वासाची वाफ आतच फिरते, बाहेरची हवा चालू ठेवा. डावीकडचं मॅटिंग ओलं लागलं तर कॉईलचं पाणी काढणारी नळी तुंबली आहे. काचेवर चिकट थर आणि गाडीत गोडसर वास, असं असेल तर हीटर कोरमधून कूलंट गळतंय. तेव्हा स्विचचा विचार सोडून सरळ गॅरेज गाठा.

स्विच बसवलाच, तर हिवाळाभर एसी विसरून जाऊ नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर फिरतं, ते फिरलं नाही तर शाफ्टचं सील सुकतं आणि उन्हाळ्यात गॅस गेलेला सापडतो.

प्रश्न : आम्ही मिनेसोटात राहतो. आमच्या गाडीत ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल आहे. बाहेर उणे २० असलं तरी 'ऑटो' दाबलं की एसीचा दिवा लागतो. आमच्या ह्यांचं म्हणणं, फ्यूजच काढून टाकू, एवढ्या थंडीत कशाला हवाय एसी.
— एक वाचक, अमेरिका

उत्तर : ताई, उणे २० मध्ये दिवा लागला तरी कॉम्प्रेसर फिरत नाही. दिव्याचा अर्थ एवढाच की तुम्ही परवानगी दिली आहे. गाड्यांमधला आर-१३४ए गॅस वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो, नव्या गाड्यांतला आर-१२३४वायएफ उणे २९ च्या आसपास. उणे २० मध्ये गाडी रात्रभर उभी राहिली की पाइपातल्या गॅसचा दाब वातावरणाच्या दाबाहून थोडाच जास्त उरतो. एवढ्या दाबावर प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर असतो, त्याचाही नकार असतो.

ह्यांना सांगा, फ्यूज राहू द्या. एकाच फ्यूजवर आणखी काय काय बसलंय, ते सर्किट बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तुमच्याकडे बर्फ वितळायला लागलं, बूट ओले, गाडीत चार माणसं, बाहेर पाच-सात अंश, की तेव्हा काच साफ ठेवायला हाच कॉम्प्रेसर लागणार.

दिवा डोळ्यांत खुपतच असेल तर 'ऑटो' दाबल्यावर एसीचं बटण दाबून तो बंद करा. पुष्कळ गाड्यांत 'ऑटो'चा दिवा विझतो, पण तापमान आणि पंखा आपोआपच सांभाळले जातात. गाडी टोयोटाची असेल तर मॅन्युअलच्या शेवटी मालकाला बदलून घेता येणाऱ्या गोष्टींची यादी असते. 'ऑटो' दाबल्यावर एसी जोडून चालू व्हावा की नाही, हे अनेक मॉडेलांत तिथे सापडतं. काही मॉडेलांत स्क्रीनवरून बदलता येतं, काहींत डीलरला स्कॅनर लावावा लागतो. अशा गाड्यांत पॅनलचा इशारा डेटाच्या स्वरूपात जातो, तोडायला वेगळी वायर नसतेच.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक गाडी आहे. रेंज वाचावी म्हणून एसीच्या कॉम्प्रेसरला कायमचा बंद करण्याचा स्विच बसवता येईल का? वॉरंटी संपत आली आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. वॉरंटी संपली तरी नाही. तुमच्या गाडीचा कॉम्प्रेसर बारा व्होल्टवर चालत नाही, तो मोठ्या बॅटरीच्या लाइनवर आहे. बॉनेट उघडल्यावर नारिंगी केबल दिसतील, तिथे शेकडो व्होल्ट असतात. त्या केबलला हात लावायला वेगळं प्रशिक्षण आणि रबरी हातमोजे लागतात. स्ट्राँग हायब्रिड गाड्यांनाही हेच लागू.

दुसरं म्हणजे बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत एसीचाच गॅस बॅटरीचं कूलंटही थंड करतो. मे महिन्यात फास्ट चार्जरवर गाडी उभी असताना पुढून घरघर ऐकू येते, ती बॅटरी गार करण्याची असते. कॉम्प्रेसर बंद पाडलात तर चार्जिंगचा वेग पडेल आणि बॅटरी तापेल.

केबिनचा एसी पॅनलवरून किंवा स्क्रीनवरून बंद ठेवता येतो, तेवढं पुरे. ऍपमधून आधीच एसी लावायची सोय असेल, तर निघण्यापूर्वी घरच्या चार्जरवर असतानाच केबिन गार करून घ्या. तापलेली गाडी गार करायला लागणारी वीज मग भिंतीतून येते.